रुबेची दगडी वाट

वाईट रस्ता ही काही कौतुकाने वर्णन करण्याजोगी वस्तू नव्हे. ज्यांचे बालपण खेड्यात गेले आहे, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा तुडवीत ज्यांनी शाळा गाठली आहे, त्यांना तर हे मुद्दाम सांगणे नकोच. असे असता आज मी आपल्यापुढे ज्या रस्त्याची हकीकत सांगणार आहे, तो केवळ आपल्या वाईटपणाबद्दल जगभर प्रसिद्ध आहे. तो सुधारू नये म्हणून शहाणीसुरती माणसे वर्षानुवर्षे खटपट करीत आली आहेत. आणि त्याच्यावरून सायकल हाकण्यासाठी हजारो लोक दरसाल पदरचे पैसे भरून दूरदेशांहून येतात. २०२४ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मीही तो उद्योग करून आलो. त्या सफरीत मला एक गोष्ट उमगली. ती उमगण्यास तेहेतीस वर्षांचा उशीर झाला होता, म्हणूनच ती चारचौघांत सांगावीशी वाटते.

आरंभ मात्र आपल्या इकडूनच केला पाहिजे.

१९९१ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील एका लहान गावच्या प्राथमिक शाळेत मी सातवीचा वर्ग शिकवीत असे. त्या वर्षी माझ्या वर्गातील एक मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसावयाचा होता. मुलगा हुशार, घरची स्थिती बेताची. शिष्यवृत्ती मिळाली तर पुढले शिक्षण, एरवी सातवीनंतर शाळा सुटणार, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही. परीक्षेचे केंद्र तालुक्याच्या गावी, अठरा किलोमीटरांवर. एस. टी. वेळेवर मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणून आम्ही दोघे पहाटेच सायकलींवरून निघालो. त्याने चुलत्याची मोठी सायकल आणली होती. तिच्या सीटवर बसले म्हणजे त्याचे पाय जेमतेम पोहोचत. त्या रस्त्यावर सहा महिन्यांपूर्वी खडी पसरून ठेवण्यात आली होती. पण रोलर काही आला नव्हता. एका उतारावर त्या मोकळ्या खडीत त्याची सायकल डुगडुगू लागली. मी मागून ओरडलो, “हॅन्डल घट्ट धर! ब्रेक दाब!” मुलगा आज्ञाधारक. त्याने हॅन्डल घट्ट धरले, ब्रेक दाबला, आणि दुसऱ्याच क्षणी तो खडीवर पालथा पडला. उजव्या हाताचे मनगट मोडले. परीक्षा बुडाली. जून महिन्यात हायस्कुलात नाव घालण्याऐवजी तो एका टेम्पोवर क्लीनर म्हणून कामास लागला.

त्या खडीवर मी कायमचा राग धरला. अर्ज लिहिले, गावकऱ्यांच्या सह्या गोळा केल्या, कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. १९९८ साली त्या रस्त्यावर डांबर पडले, त्या दिवशी मी वर्गात पेढे वाटले. दगडी रस्ता म्हणजे गरिबाच्या पोराचा शत्रू, हे माझे मत त्या काळात जे बनले, ते सेवानिवृत्तीनंतरही बदलले नाही.

माझी धाकटी मुलगी फ्रान्समधील लील शहरी एका प्रयोगशाळेत काम करते. २०२३ च्या दिवाळीत ती घरी आली असता म्हणाली, “बाबा, एप्रिलात तुम्ही माझ्याकडे येणारच आहात, तर आपण दोघे मिळून रुबेच्या दगडी रस्त्यावरून सायकली हाकू. हौशी लोकांसाठी सत्तर किलोमीटरांची सफर असते.” मग तिने त्या रस्त्याची छायाचित्रे दाखविली. शेताच्या मधून जाणारी अरुंद वाट. तिच्यावर पावाच्या लादीएवढे ओबडधोबड दगड बसविलेले. कोठे दगड वर आलेला, कोठे खाली खचलेला, कोठे मुळीच नाही. मी म्हणालो, “आमच्या लोकांनी डांबरासाठी अर्ज केले, तुझ्याकडचे लोक काय दगडांसाठी अर्ज करतात?” ती शांतपणे म्हणाली, “हो, करतात. येऊन पाहा, मग बोला.” मास्तराने ‘आधी पाहा, मग बोला’ हे दुसऱ्यांना सांगण्यात आयुष्य घालविलेले, तेव्हा नाही म्हणण्यास जागा राहिली नाही.

मी जावयाचे ठरविले, आणि जुन्या सवयीप्रमाणे प्रथम त्या रस्त्याचा इतिहास वाचून काढला. तो थोडक्यात सांगतो.

बेल्जियमच्या सीमेजवळचे रुबे हे एके काळचे मोठे गिरणगाव. लोकरीच्या कापडासाठी त्याची ख्याती होती. तेथील तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन कारखानदारांनी १८९५ साली सायकलींच्या शर्यतींसाठी एक बांधीव चक्रपथ उभारला. अशा चक्रपथाला तिकडे व्हेलोड्रोम म्हणतात. लोकांचे लक्ष त्याकडे वेधावे म्हणून पॅरिसपासून रुबेपर्यंत रस्त्यावरून शर्यत लावण्याची कल्पना त्यांनी काढली. पहिली शर्यत १९ एप्रिल १८९६ रोजी झाली. अंतर सुमारे २८० किलोमीटर. जिंकणारा योसेफ फिशर नावाचा जर्मन. महायुद्धांच्या काळातील काही वर्षे आणि महामारीचे २०२० हे साल सोडले, तर ही शर्यत तेव्हापासून चालत आली आहे. स्त्रियांची शर्यत मात्र प्रथम २०२१ साली झाली.

त्या काळी फरसबंदी ही अडचण नव्हती, सुधारणा होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पावसाळी, चिकण मातीच्या त्या मुलखात बीटाने भरलेल्या गाड्या रुतू नयेत म्हणून गावोगाव दगड बसविले गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर डांबर आले. मग आपल्या गावची दगडी वाट शर्यतीच्या दिवशी साऱ्या देशाला दिसावी, याची गावच्या कारभाऱ्यांना लाज वाटू लागली, आणि भराभर दगडांवर डांबर पडू लागले. शर्यत चालविणाऱ्यांना शिल्लक दगडी वाटा शोधीत आडरानांत शिरावे लागले. १९७७ सालापासून तर शर्यत पॅरिसऐवजी उत्तरेकडील कॉम्पिएन्य या गावाहून सुटते. हल्ली एकूण अंतर २६० किलोमीटरांच्या आसपास असते, आणि त्यात सुमारे ५५ किलोमीटर दगडी वाट, तीसेक तुकड्यांत विभागलेली. प्रत्येक तुकड्यास अवघडपणाप्रमाणे एक ते पाच तारे दिलेले असतात.

या शर्यतीला ‘उत्तरेचा नरक’ असे एक नाव आहे. ते दगडांमुळे पडले असावे, असे मला वाटत होते. परंतु तसे नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, शर्यत पुन्हा सुरू करण्यापूर्वी रस्ता पाहावयास निघालेल्या मंडळींना त्या मुलखात उभे झाड दिसेना, घरावर छप्पर दिसेना; तेव्हा हे नाव निघाले. युद्धापूर्वी ही शर्यत ओळीने तीनदा जिंकणारा ऑक्ताव्ह लापीझ आणि १९१३ चा विजेता फ्रांस्वा फाबेर हे दोघेही त्या युद्धात मारले गेले. आपल्याकडचीही माणसे त्या नरकात होती. लीलच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर नव्ह शापेल हे खेडे आहे. तेथे २८ ऑक्टोबर १९१४ रोजी आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन तुकड्या लढाईत उतरल्या आणि त्यांची फार हानी झाली. त्या गावी आज हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. ४,७०० हून अधिक नावे त्यावर कोरलेली आहेत. मुलीने मला तेथे नेले होते. ज्या मातीवर आपण हौसेखातर सायकल हाकणार, ती कसली माती आहे, हे आधी कळले ते बरे झाले.

आता तयारीविषयी. चाळीस वर्षे मी सायकल वापरीत आलो आहे. पण ती शाळेत जाण्यायेण्यापुरती. म्हणून नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आठवड्यातून तीन दिवस मी नेमाने बाहेर पडू लागलो. प्रथम वीस किलोमीटर, मग चाळीस, आणि फेब्रुवारीअखेर दर रविवारी साठ. पायांना बळ यावे म्हणून साताऱ्याहून यवतेश्वराचा चढ चढत असे. रुबेचा मुलूख सपाट आहे हे खरे, पण दगडांवर सायकल रेटताना पायांना चढणीसारखेच श्रम पडतात. धक्क्यांची सवय व्हावी म्हणून उसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या वाटांवरून फेऱ्या मारल्या. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतले. माझ्या वयाच्या कोणास असले काही करावेसे वाटले, तर ही पायरी त्यांनी चुकवू नये, अशी विनंती आहे.

मुलीने पत्राने चार सूचना पाठविल्या होत्या. पहिली, टायर रुंद असावेत आणि त्यांत हवा बेताची भरावी. आपल्याकडे टणक चाक चांगले, अशी समजूत आहे, आणि गुळगुळीत रस्त्यावर ती बरीचशी खरीही आहे. पण दगडांवर टणक चाक चेंडूसारखे उडते. उडालेले चाक ना पुढे ढकलते ना वळते. थोडे मऊ चाक दगडाला कवेत घेऊन पुढे सरकते. माझे टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे होते आणि हवा दर चौरस इंचास ५० पौंडांच्या आसपास. त्याहून फार कमी केली, तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते.

दुसरी सूचना, वाटेच्या मधोमध, कण्यावरून चालावे. ही वाट मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती असते. कडेला मातीची मऊ पट्टी पाहून मोह होतो; पण गारगोट्या, काचा, सारे तेथेच साठते आणि पंक्चर तेथेच होते.

तिसरी, दगड लागण्यापूर्वीच वेग घ्यावा आणि पाय थांबू देऊ नयेत. वेग असला म्हणजे चाक दगडांच्या माथ्यांवरून जाते. वेग मंदावला की प्रत्येक फटीत उतरते आणि प्रत्येक दगड चढावा लागतो.

आणि चौथी सूचना अशी होती, “बाबा, मूठ सैल ठेवा.” पहिल्या तीन सूचना मी वहीत उतरून घेतल्या. चौथी वाचली आणि सोडून दिली. सायकल कशी धरावी हे मला मुलीने शिकवावे, असे काही मला वाटले नाही.

सफरीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही आरांबेरची वाट पाहून आलो. ती माझ्या सत्तर किलोमीटरांत येत नव्हती. लांब पल्ल्याच्या स्वारांनाच ती लागते. घनदाट झाडीतून जाणारी, बाणासारखी सरळ, सुमारे २,३०० मीटर लांबीची ही दगडी वाट पाच ताऱ्यांची आहे. जवळच कोळशाच्या खाणीचे उंच लोखंडी सांगाडे उभे आहेत. खाण १९८९ साली बंद पडली, आणि २०१२ साली तो सारा खाणींचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. ही वाट शर्यतीत आली ती १९६८ साली, झां स्टॅब्लिन्स्की या सायकलपटूच्या सांगण्यावरून. तो पोलंडहून आलेल्या मजुरांचा मुलगा. लहानपणी याच खाणीत काम केलेला. पुढे १९६२ साली जगज्जेता झालेला. या वाटेच्या खाली काम केलेला आणि वरून शर्यत धावलेला आपण एकटाच, असे तो म्हणत असे. त्याच्या स्मरणार्थ वाटेच्या तोंडाशी एक शिळा उभी केली आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ थांबलो. खाणीत उतरणे त्याच्या नशिबी आले होते. वरची वाट त्याने आपण होऊन निवडली. दगड तेच, पण या दोन गोष्टी एक नव्हेत.

शनिवार, ६ एप्रिल. व्यावसायिकांची शर्यत रविवारी. हौशी लोकांची सफर आदल्या दिवशी. दिवस कोरडा होता, वारा मात्र जोराचा. सकाळी रुबेच्या व्हेलोड्रोमपाशी निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या वयांची माणसे सायकली घेऊन जमली होती. माझ्याहून थोर वयाचेही काही होते, हे पाहून धीर आला. ही शर्यत नव्हती. कोणी कोणाला मागे टाकावयाचे नव्हते. आपापल्या बळाने जाऊन परत यावयाचे, एवढेच.

पहिले काही किलोमीटर डांबरी रस्त्याने सुखात गेले. मग एका वळणावर दगड लागले, आणि माझी सारी तयारी एका मिनिटात कोठल्या कोठे गेली. ज्यांनी हे अनुभवले नाही त्यांना कसे सांगावे? भरधाव बैलगाडीत उभे राहून जाते ओढण्याचा प्रयत्न करावा, तसे काहीसे. दातावर दात आपटत होते. चष्मा नाकावर नाचत होता. समोरची वाट एकीच्या तीन दिसत होत्या. वाटेत जागोजाग लोकांच्या सायकलींवरून उडालेल्या पाण्याच्या बाटल्या पडल्या होत्या. माझीही त्यांत जाऊन पडली. मी जीव मुठीत घेऊन, खरोखरच मुठीत घेऊन, हॅन्डल आवळून धरले होते. तो तुकडा संपला तेव्हा बोटे उघडेनात. तळहाताला फोड आले होते आणि कोपरापर्यंत हात बधिर झाला होता.

मुलगी पुढे थांबली होती. माझे हात पाहून ती म्हणाली, “बाबा, चौथी सूचना विसरलात का?” मी म्हणालो, “अगं, सैल सोडले तर सायकल हातून जाईल.” ती म्हणाली, “जात नाही. तुम्ही जितके आवळाल तितकी ती जाईल. तिला थोडे हलू द्या. ती आपली आपण सावरते.”

पुढील दोन तुकड्यांत मला ते साधले नाही. बुद्धीला पटले तरी हाताला पटत नाही. मग कांफँ या गावाजवळचा १,८०० मीटरांचा तुकडा आला. मध्यावर एक वळण आहे. तेथे माझ्या पुढचा स्वार एकदम मंदावला. माझे पुढचे चाक एका खचलेल्या दगडावरून घसरले आणि सायकल डुगडुगू लागली. हात आपोआप आवळले जाऊ लागले, बोटे ब्रेककडे गेली, आणि त्याच क्षणी ती डुगडुग मला ओळखीची वाटली. अगदी तशीच, उतारावरच्या खडीत मी मागून पाहिली होती, तशीच. कसे कोण जाणे, पण मी बोटे ब्रेकवरून काढली, मूठ सैल सोडली आणि पाय चालू ठेवले. सायकल दोन वेळा हलली, आणि सरळ झाली.

असे का होते, याचे कारण साधे आहे. चालत्या सायकलीचे पुढचे चाक जात्याच सरळ होऊ पाहते. दगडावर आपटून ते एका बाजूस कलले, तरी पुढच्याच क्षणी सावरते. मात्र त्यासाठी त्याला थोडी मोकळीक लागते. मूठ आवळली की ती मोकळीक नाहीशी होते, आणि प्रत्येक धक्का चाकातून हॅन्डलात, हॅन्डलातून मनगटात आणि मनगटातून साऱ्या अंगात चढतो. अशा वेळी पुढचा ब्रेक दाबला, तर सुट्या दगडांवर चाकाची जी थोडी पकड असते, ती थांबण्यातच खर्च होते, आणि चाक खालून निसटते.

त्यानंतर लागलीच ‘कार्फूर द लार्ब्र’, म्हणजे झाडाचा चौक, या नावाचा पाच ताऱ्यांचा, २,१०० मीटरांचा तुकडा येतो. आमच्या साऱ्या सफरीतील तो सर्वांत कठीण. तो मी पार केला, तोही न थांबता. पण त्याचा आनंद मला झाला नाही. चौकाशी येऊन मी सायकल आडवी टाकली आणि गवतावर बसलो. मला काही लागले असावे, असे वाटून मुलगी धावत आली. मी तिला ती १९९१ सालची गोष्ट सांगितली. तिला ती निम्मी ठाऊक होती. खडीची हकीकत आमच्या घरात सर्वांना पाठ होती. मी काय ओरडलो होतो, ते मात्र मी कधी कोणाला सांगितले नव्हते. लपवावे म्हणून नव्हे, श्रोतेहो. त्यात सांगण्याजोगे काही आहे, असेच मला वाटले नव्हते. तेहेतीस वर्षे मी खडीला दोष दिला. खडीचा दोष होताच. पण त्या मुलाने ऐकले होते ते माझे.

मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने आपली बाटली माझ्यापुढे केली आणि म्हणाली, “चला बाबा, अजून रुबे गाठायचे आहे.”

उरलेले तुकडे, ग्रुझोंचा आणि एमचा, त्यामानाने सौम्य. रुबे शहरात शिरल्यावर शेवटचा तीनशे मीटरांचा दगडी टप्पा लागतो. तेथे आजवरच्या विजेत्यांची नावे कोरलेल्या शिळा जमिनीत बसविल्या आहेत. मग व्हेलोड्रोम. काँक्रीटचा तो जुना चक्रपथ एका फेऱ्यास सुमारे पाचशे मीटर भरतो. साडेचार तास दगड खाल्ल्यावर त्या सपाटीवर सायकल इतकी मुकाट्याने धावली की क्षणभर कान बंद झाल्यासारखे वाटले. शेजारीच स्नानगृहे आहेत. काँक्रीटच्या बुटक्या भिंतींचे खण, आणि प्रत्येक खणावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पाटी. विजेत्याला येथे बक्षीस मिळते तेही एक दगडच, बैठकीवर बसविलेला. बारापंधरा किलोंचा तो दगड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच चौकाजवळ उभे राहून व्यावसायिकांची शर्यत पाहिली. नेदरलंड्सचा माथ्यू व्हान डर पूल एकटाच पुढे आला, आणि पुढे तीन मिनिटांच्या अंतराने जिंकला. त्याचा एकूण वेग तासाला सुमारे ४८ किलोमीटर पडला. लोक स्वारांच्या पायांकडे पाहत होते; मी हातांकडे पाहत होतो. बहुतेकांचे हात हॅन्डलच्या आडव्या दांडीवर नुसते टेकलेले दिसले.

आता दगड राखणाऱ्या मंडळींविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण माझा राग मुळात त्यांच्यावर होता. ‘पॅरिस–रुबेचे स्नेही’ या नावाची एक संस्था तेथे आहे. तिचे स्वयंसेवक निखळलेले दगड शोधतात, वाळूची बैठक नीट करून ते एकेक करून पुन्हा ठोकून बसवितात. या कामात त्या भागातील उद्यानविद्येच्या शाळांतील विद्यार्थीही हातभार लावतात. अलीकडे आरांबेरच्या वाटेवरचे गवत काढण्यासाठी बकऱ्याही सोडण्यात आल्या होत्या. हे सारे ऐकल्यावर माझ्या एक ध्यानात आले. या लोकांनी गावांचे रस्ते दगडी ठेवलेले नाहीत. गावाला दवाखान्याकडे, शाळेकडे, स्टेशनाकडे नेणारा रस्ता तेथे डांबरीच आहे. दगडी राखली आहे ती शेतातली जुनी वाट, जिच्यावाचून कोणाचे अडत नाही. ज्याच्यापाशी चांगला रस्ता आहे, त्यानेच वाईट रस्त्याची हौस करावी. त्यात खुळेपणा नाही. ज्याच्यापाशी तो नाही, त्याच्यापुढे मात्र दगडांचे गोडवे कोणी गाऊ नयेत. माझे अर्ज मी आजही मागे घेणार नाही.

परत येण्यापूर्वी मी लीलहून त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. आता तो पंचेचाळिशीचा आहे; स्वतःचा ट्रक आहे; दोन मुलगे कॉलेजात शिकत आहेत. मी त्याला सरळच सांगितले, “अरे, त्या दिवशी मी तुला जे ओरडून सांगितले, ते चूक होते. मूठ सैल सोड, असे सांगावयास हवे होते.”

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “गुरुजी, ते मला गाडी शिकताना पहिल्याच महिन्यात कळलं. आमचा उस्ताद म्हणायचा, स्टिअरिंगला लटकू नकोस, गाडीला तिचं तिचं चालू दे.”

मी विचारले, “मग इतक्या वर्षांत मला बोलला का नाहीस?”

तो म्हणाला, “तुम्ही त्या रस्त्यासाठी एवढे हेलपाटे घालत होता, गुरुजी. तुम्हाला काय सांगायचं?”

श्रोतेहो, यावर मी काय बोलणार? मी त्याला इतकेच म्हणालो की, परत आल्यावर तुझ्या घरी येतो. आणि गेलोही, त्या डांबरी रस्त्यावरून, सायकलीने.

माझ्यासारखे पुष्कळ शिक्षक आणि पुष्कळ आईबाप आज हे भाषण ऐकत असतील. मूल घसरू लागले की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘घट्ट धर’ हाच. तो मायेपोटी निघतो, यात शंका नाही. पण तो प्रत्येक वाटेवर खरा ठरतोच असे नाही, एवढे मला रुबेच्या दगडांनी शिकविले.